एकतीस चाव्यांचा फोटो

चावीवाल्या काकांनी आयुष्यात हजारो दारं उघडली, पण सध्या त्यांच्या स्वतःच्या दारात काळं कुत्रंही फिरकत नव्हतं. कारण साधं होतं. मोठ्या रस्त्यावरचं त्यांचं चाळीस वर्षांचं दुकान रस्तारुंदीत गेलं आणि बदल्यात मागच्या गल्लीत, लाँड्री आणि झेरॉक्स यांच्यामधली एक पट्टी मिळाली. पट्टीच ती. काका खुर्चीत बसले की गिऱ्हाइकाने बाहेर उभं राहायचं, आणि गिऱ्हाईक आत आलं की काकांनी उठायचं. जुन्या जागी त्यांनी पुठ्ठा बांधला होता, 'आम्ही मागे आहोत.' लोक तो वाचायचे, मान वळवून मागे बघायचे, मागे बसथांबा दिसला की खांदे उडवून चालू लागायचे.

"उन्हाळा सरेपर्यंत बघतो," काका घरी म्हणाले. "नाही जमलं तर फळी उतरवतो."

फळी उतरवणं म्हणजे दुकान मोडणं, हे घरातल्या सगळ्यांना कळत होतं. खुर्चीमागे भिंतीवर एक फळी होती, तिला एकतीस खिळे आणि खिळ्यांना एकतीस चाव्या. लोकांच्या घरांच्या दुसऱ्या चाव्या. कोणी विसरभोळं, कोणी एकटं, कोणाच्या घरात दार ओढून घेण्याची हौस असलेलं पोर. अडलं की यायचं आणि चावी न्यायची. या कामाचे काका काही घेत नसत. घेतले असते तर त्यांना त्यात इतका माज करता आला नसता. चावीला ते नाव लावत नसत, पत्ता तर नाहीच. चिठ्ठीवर फक्त खूण असे, तीही त्यांनाच कळेल अशी. 'शिंका.' 'तीन मांजरी.' 'गळका नळ.' 'छडी.' उद्या दुकान फुटलं तर चोराने त्या चाव्या घेऊन करावं काय? शिंका कुठे राहतात ते विचारत गावभर हिंडावं?

ही अक्कलहुशारी काकांनी कोणाला समजावून सांगितली नव्हती. चांगल्या कारागिरांना ही एक खोडच असते. काय करतो ते तासभर सांगतील, का करतो ते सांगायला विसरतील.

घरात सूनबाई होती. मुलगा फिरतीच्या नोकरीत, महिन्यातले वीस दिवस बाहेर; त्यामुळे सासऱ्याशी वाद घालायचं कामही तिच्याकडेच आलं होतं आणि ती ते मनापासून करायची. तिने नुकताच वेबसाइट बनवण्याचा पंधरा दिवसांचा वर्ग पुरा केला होता. वहीत नियम लिहिले होते, नियमांखाली लाल रेघा मारल्या होत्या. आता तिला फक्त एक बुडता धंदा हवा होता, आणि तो घरातच मिळाला.

"बाबा, पानावर आधी काय असावं असं तुम्हाला वाटतं?"

काकांनी तयारी केली होती. त्यांनी 'आमच्याबद्दल' म्हणून नऊ पानं लिहून आणली होती. सुरुवात आजोबांच्या भात्यापासून होती आणि चौथ्या पानावर आजोबा नुकतेच लग्नाला उभे राहत होते.

सूनबाईने पानं चाळली. "बाबा, एक माणूस घराबाहेर अडकलाय. दोन्ही हातांत पिशव्या आहेत, दूध उतू जातंय आणि बाळ आत रडतंय. त्याने तुमच्या आजोबांचं लग्न होईपर्यंत थांबायचं का?"

"आजोबांचं लग्न झालं नसतं तर त्याचं दार कोण उघडणार होतं?"

"ते त्याला नंतर सांगू. दार उघडल्यावर."

काकूंनी आतून हसल्याचा आवाज केला. काका तासभर रुसले, मग चहाबरोबर तह झाला. आजोबांना चार ओळी मिळाल्या, त्याही पार तळाशी. सगळ्यात वर मोठ्या अक्षरांत आलं, 'दार अडकलंय? फोन करा.' खाली नंबर, बोट ठेवलं की थेट लागणारा. त्याखाली गल्लीत कसं यायचं त्याचा नकाशा, लाँड्रीच्या निळ्या दारासकट. काकांनी ती पहिली ओळ पाच-सहा वेळा मोठ्याने वाचली. आपण चाळीस वर्षं हेच करत होतो आणि चार शब्दांत कधी सांगता आलं नाही, हे त्यांना आत कुठेतरी लागलं. पण ते बोलले नाहीत, सुनेचं कौतुक तोंडावर करायचं नाही अशी त्यांची शिस्त होती.

वहीतला पुढचा नियम होता की लोकांचा विश्वास बसला पाहिजे. त्यासाठी खऱ्या गिऱ्हाइकांचे खरे शब्द हवेत, आणि दुकानाचा खरा, स्पष्ट फोटो हवा. उसना आणलेला, गुळगुळीत चेहऱ्यांचा नको. सूनबाईने दोन्ही मनावर घेतलं. संध्याकाळी जेवताना काकांकडून ती एकेका चावीची गोष्ट काढून घेई आणि काका रंगात येऊन नावागावासकट सांगत. मग ती त्या त्या घरी जाऊन दोन ओळी लिहून आणी. शेवटी मैत्रिणीचा चांगला कॅमेरा मागून, काका बाहेर कामाला गेलेले बघून ती दुकानात शिरली. चाव्या चिंच लावून घासल्या. रांगा सरळ केल्या. त्या मळक्या चिठ्ठ्यांवर 'गळका नळ' वगैरे वाचून तिला सासऱ्याची दया आली. एवढा मोठा कारागीर, आणि हा गबाळेपणा! तिने सुबक कागदी पट्ट्या लावल्या. प्रत्येक पट्टीवर नाव, गल्ली, घर क्रमांक. फोटो काढला, पट्ट्या उतरवल्या, जुन्या चिठ्ठ्या होत्या तशा परत लावल्या, कारण आपल्या वस्तूला हात लागलेला काकांना खपत नाही हे तिला माहीत होतं. फार समजूतदार मुलगी.

पान सुरू झालं. काकांनी ते सुनेच्या फोनवर, चष्मा न लावता, हात लांब करून बघितलं. सोन्यासारखी झगमगणारी फळी दिसली आणि त्यांना आभाळ ठेंगणं झालं.

आणि फोन वाजू लागला! पहिल्या दिवशी दोनदा, तिसऱ्या दिवशी सातदा. गल्लीत अनोळखी माणसं निळं दार शोधत येऊ लागली. लाँड्रीवाला विचारू लागला की माझ्या दारात काय फुकट वाटताय. काका उन्हाळ्याचं विसरले. दहाव्या दिवशी त्यांच्या डोक्यात आलं की हा फोटो मोठा छापून जुन्या जागी पुठ्ठ्याऐवजी लावावा, म्हणजे बसथांब्याकडे बघणाऱ्यांची सोय होईल. शेजारच्या झेरॉक्सवाल्याने पान उघडलं, फोटो घेतला आणि चांगला हातभर रुंद छापून दिला.

"काय स्वच्छ आलाय हो काका," तो म्हणाला. "एकेक दाता मोजून घ्या."

काकांनी चष्मा लावला आणि खरोखरच मोजायला घेतलं.

आधी त्यांना पट्ट्या दिसल्या. नाव, गल्ली, घर क्रमांक. मग त्यांनी खाली गिऱ्हाइकांचे शब्द वाचले, जे त्यांनी आजवर फक्त ऐकले होते, तेही अर्धवट. 'शिंका' यांनी लिहिलं होतं, 'आम्ही दोघंही सकाळी आठ ते रात्री आठ कामावर असतो. चावी काकांकडे म्हणून निश्चिंत.' 'तीन मांजरी' यांनी लिहिलं होतं, 'पुढच्या महिन्यात पंधरा दिवस बाहेरगावी जातेय, काका आहेत ना!' आणि 'छडी' म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका बाई, त्यांनी आपल्या रेखीव भाषेत लिहिलं होतं, 'मी एकटी राहते. दर शनिवारी लेकीकडे जाते व सोमवारी परतते.'

काकांच्या पायाखालची वाळू सरकली. तरीही एक शंका उरली होती. नुसत्या फोटोवरून कोणाला चावी बनवता येईल का? त्यांनी एक कोरी चावी घेतली, शिकंज्यात आवळली, कागद समोर टेकवला आणि फळीकडे पाठ करून फक्त छापील चित्रावरून 'छडी'ची चावी कानसायला घेतली. पंचवीस मिनिटं लागली. मग उठून भिंतीवरची खरी चावी काढली आणि दोन्ही एकमेकींवर ठेवून उजेडात धरल्या. केसाचाही फरक नव्हता. आयुष्यात काकांनी इतकं सुरेख काम क्वचित केलं असेल, आणि ते त्यांना कोणाला दाखवताही येणार नव्हतं. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या द्यायच्या असतील तर निदान चोराने येऊन मागाव्या तरी. इथे काकांनी छापून, नकाशा जोडून, घरमालक कधी नसतो त्या वेळेसकट वाटल्या होत्या.

घरी सगळं ऐकल्यावर सूनबाईचा चेहरा पांढरा पडला. तिने आधी फोटो काढून टाकला, मग गिऱ्हाइकांचे शब्द काढले, मग ओट्याशी टेकून रडायला लागली.

"किती जणांनी बघितलं असेल?" काकांनी विचारलं.

"चारशे बारा." ती नाक पुसत म्हणाली. "बाबा, मला वाटलं तुम्ही उगाच... मला काय माहीत त्या चिठ्ठ्यांचं."

"मी सांगितलं कुठे होतं?"

काकू काकांसमोर येऊन बसल्या. "हे बघा, फोटो गेला. काही झालेलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. तुम्ही दारोदार जाऊन सांगितलंत तर लोक म्हणतील, या माणसाकडे चावी ठेवायची म्हणजे गावात दवंडी पिटायची. एकेक करून चाव्या नेतील. मग बसा रिकाम्या खिळ्यांकडे बघत."

काकूंचं म्हणणं सोळा आणे खरं होतं, त्यामुळेच काकांना त्याचा फार राग आला. त्यांनी ताट बाजूला सारलं. त्यांना भीती वाटत होती, चक्क भीती. दुकान गेलं तेव्हा ती वाटली नव्हती. दुकान रस्त्याने खाल्लं होतं, ती कोणाची चूक नव्हती. पण चाळीस वर्षांत त्यांच्या चावीने एकाही घराला धोका झाला नव्हता, आणि तेवढी एकच गोष्ट ते स्वतःची म्हणून मिरवत होते.

"त्या चारशे बारांतला एक जरी वाकड्या बोटांचा निघाला," ते म्हणाले, "तर बाई सोमवारी परत येऊन काय बघणार? मी उद्यापासून निघतो. प्रत्येक कुलुपाच्या आतल्या पिना बदलून देतो. कुलूप तेच राहील, चावी नवी होईल. फुकट. आणि का ते सांगूनच."

"मग पिशवी मी धरते," सूनबाई म्हणाली. "चूक माझी आहे."

"चूक माझी आहे. पिशवी धर."

चार दिवस दोघं फिरले. काका दार वाजवायचे, उघडलं की घसा खाकरून म्हणायचे, "तुमची चावी दहा दिवस जगाला दिसत होती." यापेक्षा बरी सुरुवात त्यांना शेवटपर्यंत सुचली नाही. 'शिंका' साहेबांनी आधी तीन शिंका दिल्या, मग हसले, म्हणाले, आमच्या घरात चोर शिरला तर तो आम्हालाच काहीतरी ठेवून जाईल. 'गळका नळ' यांनी पिना बदलेपर्यंत नळही दाखवून घेतला. 'तीन मांजरी' हात जोडून म्हणाल्या, मांजरी आहेत ना. पण सगळे असे नव्हते. एका घरात नवरा-बायकोने एकमेकांकडे बघितलं आणि नवरा अगदी नम्रपणे म्हणाला की दोन्ही चाव्या आम्हीच ठेवतो. नम्रपणा जास्त लागतो. एकाने तर दारातच तावातावाने पाच मिनिटं सुनावलं. सूनबाई मध्ये पडायला गेली तर काकांनी तिच्या हाताला धरून मागे ओढलं आणि पाचही मिनिटं ऐकून घेतली.

बाईंचं घर काकांनी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. फळीवरची पहिली चावी बाईंची. दहा-बारा वर्षांपूर्वी बाई न्हाणीघरात घसरून पडल्या, हाक ऐकून शेजाऱ्यांनी काकांना बोलावलं आणि काकांनी तीन मिनिटांत दार उघडलं. बऱ्या झाल्यावर बाईंनी स्वतः दुकानात येऊन एक चावी पुढे केली होती, 'ही तुमच्याकडे असू द्या.' फळीची सुरुवात तिथून झाली.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. साठीच्या काकांना आपण वर्गाबाहेर अंगठे धरून उभे आहोत असं वाटायला लागलं.

"चूक कोणाची?" बाईंनी विचारलं.

"माझी," दोघं एकदमच म्हणाले.

"हं," बाई म्हणाल्या. "करा काम."

काकांनी पिना बदलल्या, दोन नव्या चाव्या कापल्या, दार तीनदा उघडून-लावून दाखवलं. बाईंनी तळहात पुढे केला. काकांनी एक चावी ठेवली. तळहात तसाच राहिला. त्यांनी दुसरीही ठेवली. बाईंनी मूठ मिटली, "या," म्हणाल्या आणि दार लावलं. काका पायऱ्या उतरताना दोनदा थांबले. सूनबाईने विचारलं, गुडघा दुखतोय का. ते हो म्हणाले. गुडघ्याला काही झालेलं नव्हतं.

फळीवर अठरा चाव्या राहिल्या. तेरा खिळे रिकामे. त्यातला डावीकडचा पहिला खिळा काकांना फळीकडे पाठ करून बसलं तरी दिसायचा.

सूनबाईने पान नव्याने बांधायला घेतलं. "फोटो गेला तिथे मोठी जागा मोकळी पडलीये. काय टाकू?"

"जे झालं ते लिही."

"बाबा, दुकानाच्या पाटीवर कोणी स्वतःची चूक लिहितं का?"

"एकतीस जणांना मी तोंडाने सांगितलं. बाकी गाव वेगवेगळं काहीबाही ऐकेल, त्यापेक्षा आपल्याकडूनच नीट ऐकू दे. घे लिहून." आणि खाटेवर मांडी घालून त्यांनी सांगितलं. 'या पानावर आम्ही गिऱ्हाइकांच्या चाव्यांचा फोटो लावला होता. असा फोटो लावू नये. त्यावरून चावी बनते, मी स्वतः बनवून पाहिली. सर्व एकतीस कुलुपांच्या पिना आम्ही बदलून दिल्या आहेत. तुम्हीही आपल्या चावीचा फोटो कुणाला पाठवू नका, हौसेने तर मुळीच नको.'

सूनबाईने त्यात एक शब्द बदलला नाही. फक्त खाली एक चौकट टाकली, ज्याला फोनवर बोलायचं नसेल त्याने तिथे निरोप लिहावा म्हणून.

पण दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि काका तर आता पाणीही फुंकायला लागले होते. त्यांनी पानावरून आपला फोटो काढायला लावला. दुकानाच्या वेळा काढायला लावल्या. "आपण कधी नसतो ते चोराला कशाला कळवायचं?" सूनबाई म्हणाली, मग गिऱ्हाइकाने यायचं कधी? काका म्हणाले, गरज असेल तो येईल. ती गेल्याच आठवड्यात ओट्याशी टेकून रडली होती, त्यामुळे या वादात तिची बाजू जरा लंगडी होती.

फोन येत राहिले, तेवढे नाही पण येत राहिले. निरोपाच्या चौकटीत मात्र पहिला निरोप आला तो वजन कमी करण्याच्या गोळ्यांचा. दुसराही त्यांचाच. काकूंनी उन्हाळ्याचा विषय एकदाही काढला नाही. त्यांनी तो काढला असता तर काकांना भांडून तरी बरं वाटलं असतं.

पाचव्या दिवशी दुपारी सूनबाई डबा घेऊन दुकानात आली ती फोन पुढे धरूनच. "बाबा, निरोप आलाय. वाचते."

"गोळ्यांचा?"

"ऐका तर. 'आपली सूचना वाचली. सरळ लिहिली आहे. माझ्या घराच्या दोन्ही चाव्या सध्या माझ्याजवळ आहेत. म्हणजे मी आत पडले तर दोन्ही चाव्याही आतच असतील. लेक लांब आहे. शेजारी नवे आहेत. दुसरी चावी कोणाकडे द्यावी याचा पाच दिवस विचार केला. माणसं पुष्कळ आठवली, त्यांतल्या कोणी चूक केली तर मला येऊन सांगेल असं एकच आठवलं. दुकान किती वाजता उघडतं ते तुमच्या पानावर कुठेही दिलेलं नाही. हे योग्य नव्हे. कृपया कळवावे, म्हणजे मला येता येईल.' खाली नाव नाही बाबा, पण..."

नाव कशाला हवं होतं? काकांनी चष्मा काढला आणि पुसू लागले. बराच वेळ पुसला. डबा तसाच राहिला.

सूनबाई आता दोन्ही अंगठ्यांनी भराभरा लिहायला लागली होती. "वेळा आधीच टाकायला हव्या होत्या, मी सांगत होते तुम्हाला. सकाळी दहा ते..."

"ते नंतर लिही गं," काका म्हणाले. त्यांचा एक पाय गल्लीत पडलासुद्धा होता. "या वयात त्या माउलीने ऊन डोक्यावर घेऊन यायचं होय? बाईंना लिही, मीच निघालोय."